दीडशे घरांपुरतं मार्केटिंग

घरच्या धंद्याचं ‘ऑनलाइन’चं काम बहुतेक वेळा ज्याला मोबाइल बरा हाताळता येतो त्याच्या गळ्यात पडतं. शिक्षण आटोपून गावी परतलेला मुलगा, नवी सून, नाहीतर हिशेब लिहायला ठेवलेली मुलगी. “तू जरा ते इन्स्टाग्राम-बिन्स्टाग्राम बघ,” एवढ्याच सूचनेवर काम सुरू होतं. मग रात्री यूट्यूबवर शोधाशोध होते. एसईओ, फनेल, रीच, लीड असे शब्द कानांवर आदळतात आणि पंधरा दिवसांत वाटायला लागतं की हे आपल्या आवाक्यातलं नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे. उदाहरणाला रत्नागिरीकडची एक मध्यम आंब्याची बाग घेऊ, कारण त्या धंद्यात सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. माल नाशवंत, हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, गिऱ्हाईक तीनशे किलोमीटर लांब, आणि ‘हापूस’ म्हणून भलताच आंबा विकणारे रस्तोरस्ती. तुमचा धंदा पापड-मसाल्याचा असला तरी रीत फारशी बदलत नाही.

पहिलं काम मोबाइलवर करायचं नाही, वहीत करायचं. समजा, वाशीच्या मार्केटला जाणाऱ्या मालातल्या तीनशे पेट्या यंदा थेट गिऱ्हाइकाला विकायच्या असं ठरलं. एक घर हंगामात सरासरी दोन पेट्या घेतं असं धरलं, तर तुम्हाला दीडशे घरं हवीत. बस. पन्नास हजार फॉलोअर नकोत आणि व्हायरल रीलही नको. खरोखरच एखादं रील गाजलं आणि दोन हजार लोकांनी भाव विचारला, तर त्यातल्या साडेअठराशे लोकांना ‘माल संपला’ म्हणत बसावं लागेल, आणि त्या गडबडीत जुन्या गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा राहील. शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा हिशेब क्वचितच सांगतात, कारण तिथली उदाहरणं कितीही माल पुरवू शकणाऱ्या कंपन्यांची असतात. झाडाला काही मागणीप्रमाणे आंबे लागत नाहीत.

दुसरा आकडा पेटीमागे जास्तीचं काय सुटतं त्याचा. दलालाच्या पट्टीवर जे मिळालं असतं ते वजा करा. खोका, पेंढा, टेम्पोचं भाडं, घरपोच द्यायचा खर्च आणि अधूनमधून बदलून द्यावी लागणारी फळं हेही वजा करा. समजा ५०० रुपये उरले. १५० घरं आणि ५०० रुपये, हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याशी ताडून पाहायचा आहे.

आधी फोनमधली माणसं

या दीडशेपैकी बरीच घरं तुमच्याकडे आधीच असतात. वडिलांच्या फोनमध्ये ती ‘पुणे काका आंबा’, ‘ठाणे मॅडम २ पेटी’ अशा नावांनी पडून असतात. वडिलांना शेजारी बसवून एक-एक नाव विचारा: कोण, कुठले, कधी घेतला, किती घेतला, पैसे वेळेवर दिले का. पाऊस लागला की बागेत फारसं काम नसतं, तेव्हा दोन-तीन बैठकांत हे होतं. ऑनलाइन मार्केटिंगचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत कमाईचा भाग हाच. नवखी माणसं नेमका तो टाळतात आणि थेट लोगो बनवायला बसतात.

मग धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. हे ॲप फुकट आहे आणि भारतात २०१८ पासून चालू आहे. त्यात गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात: ‘विचारणा’, ‘पैसे आले’, ‘पोचवलं’, ‘जुने’. नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात आणि मालाचा कॅटलॉग लावता येतो. कॅटलॉगमध्ये भाव लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिण्याची फॅशन आहे, पण निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. भाव बदलता असतो म्हणून संकोच वाटत असेल, तर ‘या आठवड्याचा भाव’ असं लिहा आणि दर सोमवारी बदला.

एकाच वेळी अनेकांना निरोप द्यायला ब्रॉडकास्ट यादी वापरा, ग्रुप नको. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तुमच्या गिऱ्हाइकांची आयती यादी शेजारच्या बागवाल्याच्याही हाती लागते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे आपलं काम एका यादीत भागतं. मात्र एक मेख आहे. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला हा निरोप पोचतच नाही. म्हणून नव्या नंबरावरून पहिला मेसेज प्रत्येकाला वेगळा, नावाने पाठवा: ‘नमस्कार काकू, गेल्या वर्षी आमच्याकडून आंबा घेतला होता. आमचा हा नवा नंबर सेव्ह करून ठेवाल का? हंगामात भाव आणि गाडीचा दिवस यावरच कळवू. नको असेल तर तसं सांगा, नाव काढून टाकतो.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नको असलेल्या मेसेजांची तक्रार लोक व्हॉट्सॲपकडे करतात, आणि ऐन वैशाखात नंबर बंद पडला तर दाद कुठे मागणार?

विचारणा येऊ लागल्या की आठवडाभर फक्त प्रश्न जसेच्या तसे लिहून काढा. देवगड की रत्नागिरी? कार्बाइडचा नाही ना? किती दिवसांत पिकेल? एकच डझन मिळेल का? आत खराब निघाला तर? पार्ल्यात घरी आणून देता? शंभर माणसं फिरून-फिरून हेच सात-आठ प्रश्न विचारतात. ‘आज पोस्ट काय टाकू’ या रोजच्या कटकटीचं उत्तर त्या यादीत आहे. एक प्रश्न, एक फोटो किंवा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, चार ओळींचं उत्तर. सणावाराला शुभेच्छांची चित्रं टाकण्यात वेळ घालवू नका, ती सगळ्यांकडून येतातच.

काय लिहायचं, काय दाखवायचं

मार्च उजाडला की मोबाइलवर अशा जाहिराती धडकायला लागतात: ‘अस्सल, दर्जेदार, १०० टक्के नैसर्गिक हापूस! बुकिंग सुरू! त्वरा करा!’ यात खोटं काही नसेलही, पण यातलं एकही अक्षर नकली माल विकणाऱ्याला लिहिता येणार नाही असं नाही. आता हे वाचा:

‘मंगळवारी सकाळी काढलेला आंबा, चौदा आणे तयार. पाच डझनांची पेटी, फळ २२० ते २५० ग्रॅम. गुरुवारी संध्याकाळी पुण्यात पोचेल. पेंढ्यातच राहू द्या, फ्रीजमध्ये ठेवू नका. पुढच्या बुधवार-गुरुवारपासून खायला होईल. या खेपेला ४० पेट्या आहेत. हव्या असतील तर पेट्यांची संख्या आणि पत्ता पाठवा.’

या मजकुरात एकही विशेषण नाही, तरी विश्वास बसतो, कारण ज्याने फळ झेल्यात उतरवलंय तोच हे लिहू शकतो. वजन, दिवस, संख्या, पुढे काय करायचं, हे सांगितलं की ‘दर्जेदार’ म्हणायची गरज राहत नाही. मसालेवाल्याने मिरची कुठली, कधी कांडली आणि किलोला किती लवंग पडली ते लिहावं. चादरीवाल्याने लांबी-रुंदी, वजन आणि पहिल्या धुण्यात रंग जातो की नाही ते लिहावं.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पडवीत, उन्हाच्या झोतात नाही पण उजेडात, पेटी उघडून ठेवा. फ्लॅश बंद करा, त्याने फळाचा रंग फसवा येतो. एक फोटो वरून, थर दिसेल असा. एक देठाजवळचा, अगदी जवळून. एक हातात धरलेल्या फळाचा, म्हणजे आकार कळेल. नेटवरून उचललेला चकचकीत आंबा चुकूनही लावू नका. पेटी उघडल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात तो फोटो असतो आणि तुमचं खरं फळ त्यापुढे फिकं पडतं.

कार्बाइडचा प्रश्न सगळेच विचारतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे ‘कार्बाइडमुक्त’ असं मिरवणं म्हणजे कायदा पाळतो एवढंच सांगणं. त्यापेक्षा अढी दाखवा. पेंढ्याचा थर, त्यावर फळं, पुन्हा पेंढा. चौथ्या दिवशी तीच अढी उघडून दाखवा, आठव्या दिवशी पुन्हा. हिरव्याचा पिवळा होत जाणारा रंग तीन तुकड्यांत जोडला की तुमचं वर्षातलं सर्वांत उपयोगी रील तयार. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. तुमच्या बागेची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल, तर ते प्रमाणपत्र कपाटात ठेवू नका, कॅटलॉगमध्ये त्याचा फोटो लावा.

आणि साका. बाहेरून फळ सुरेख, आत पांढरट आणि आंबट. कापल्याशिवाय तो कळत नाही हे बागायतदाराला ठाऊक असतं, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. हे आधीच लिहून टाका: साका म्हणजे काय, तो का ओळखता येत नाही, आणि कापलेल्या फळाचा फोटो पाठवला तर पुढच्या पेटीत भरपाई करू. आपल्या मालातला दोष आपणच जाहीर करायचा म्हटलं की घरातली मोठी माणसं हबकतात. पण भांडण होण्याआधी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते आणि नंतर सांगितली तर सबब.

गूगल, इन्स्टाग्राम आणि पैशांची जाहिरात

गूगल मॅप्सवर धंद्याची नोंद फुकट होते. पूर्वी तिला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ पासून गूगल बिझनेस प्रोफाइल हे नाव आहे. नावात ‘नंबर एक हापूस पुणे’ असलं काही कोंबू नका, पाटीवर जे नाव आहे तेच लिहा. ही सोय गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या धंद्यांसाठी आहे. बागेवर किंवा हायवेलगतच्या स्टॉलवर लोक येत असतील तर जरूर नोंद करा. मात्र पुण्यातल्या मामाच्या फ्लॅटचा पत्ता टाकून तिथे दुकान असल्याचं भासवू नका, अशी नोंद गूगल काढून टाकू शकतं. सेवा देण्याचा परिसरही गाडीने साधारण दोन तासांच्या अंतरापलीकडे नसावा असं त्यांचंच मार्गदर्शन आहे, म्हणजे रत्नागिरीतून पुणे त्यात बसत नाही. शहरातल्या किराणा दुकानाला, टेलरला, गॅरेजला मात्र या एका नोंदीइतकं फुकटात दुसरं काहीच देत नाही. वेळा अचूक ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी ‘बंद’ लिहा. गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायची विनंती करा, पण त्याच्या बदल्यात सवलत देऊ नका, ते गूगलच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्राय आला तर उत्तर दोन वाक्यांत, शांतपणे द्या. तो माणूस वाचेल न वाचेल, पुढचे पन्नास जण वाचणार आहेत.

लोक काय शब्द वापरून शोधतात हे बघायला गूगल ट्रेंड्स उघडा. फुकट आहे. ‘हापूस’ आणि ‘अल्फान्सो’, दोन्ही देवनागरीत आणि रोमन लिपीत टाकून महाराष्ट्रापुरतं ताडून पाहा. तिथले आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. शून्य ते शंभरच्या मापात कोणता शब्द कधी किती चढला एवढंच दाखवतात. पण आपलं गिऱ्हाईक कोणत्या महिन्यात जागं होतं ते कळायला तेवढं पुरतं.

इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात. दीडशे घरांच्या धंद्यात ते दुकान नाही, ओळखपत्र आहे. कोणी नाव ऐकलं की आधी तिथे येऊन बघतं की ही माणसं खरी आहेत का. त्यामुळे रोज पोस्ट नसली तरी चालेल. जानेवारीत मोहोर, फेब्रुवारीत कैरी, मार्चमध्ये पहिली काढणी, एवढं दिसलं तरी बाग खरी आहे हे पटतं. व्यावसायिक खात्याला सगळी फिल्मी गाणी वापरता येत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बागेतल्या गड्यांचे आवाज गाण्यापेक्षा बरे.

आता पैशांची जाहिरात. जुन्या गिऱ्हाइकांकडून शंभर घरं झाली आणि पन्नास कमी पडतात, तेव्हाच तिकडे वळा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशी जाहिरात करता येते की तिच्यावर बोट ठेवलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. नवख्याने तीच निवडावी. परिसर निवडताना ‘महाराष्ट्र’ किंवा ‘पुणे जिल्हा’ असं करू नका. टेम्पो एका फेरीत कोथरूड, कर्वेनगर, वारजे करतो ना? मग नकाशावर तेवढाच भाग निवडा. पोस्टखालच्या ‘बूस्ट’च्या निळ्या बटणापेक्षा जाहिराती लावायचा ‘ॲड्स मॅनेजर’ थोडा किचकट आहे, पण त्यात नेमकेपणा जास्त आहे. एक दुपार काढून शिकून घ्या.

हिशेब असा मांडा. रोज ३०० रुपये, सात दिवस, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. एकूण २,४७८. ताज्या आंब्यावर जीएसटी नसतो, त्यामुळे हा कर वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच धरायचा. समजा ४० जणांनी विचारलं आणि ६ जणांनी पेटी घेतली. एक गिऱ्हाईक ४१३ रुपयांना पडलं. पेटीमागे सुटतात ५००. म्हणजे पहिल्या पेटीत उरले ८७, आणि त्याने दुसरी पेटी घेतली तर ५८७. जाहिरात चालली की नाही याचं उत्तर एवढंच. किती लोकांनी पाहिली, किती अंगठे आले, हे आकडे मोठे दिसतात, पण त्यांनी टेम्पोचं भाडं निघत नाही. ४० जणांनी विचारून दोघांनीच घेतला, तर जाहिरातीला दोष देण्याआधी उत्तर द्यायला किती तास लागले ते तपासा. रात्री आलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं, तर त्याने तोवर दुसऱ्याकडून घेतलेला असतो.

पहिल्या आठवड्यात मजकूर तोच ठेवून दोन फोटो वापरून पाहा, पेटीचा आणि अढीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने फरक पडला ते कळतं. आणि जाहिरात लावल्यावर दर दोन तासांनी खाजवत बसू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या.

एक गिऱ्हाईक बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: परदेशातलं. न्यू जर्सीहून ‘इकडे पाठवता का’ असं कोणी विचारलं की जीव हरखतो. अमेरिकेत आपला आंबा २००७ पासून पुन्हा जाऊ लागला, पण तो लासलगावसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण करून. तुमच्या कुरिअरच्या खोक्यातून तो जात नाही. तेव्हा तिथे नाही म्हणा आणि लगेच विचारा, ‘आई-बाबा कुठे असतात?’ पैसे तिकडून, पेटी सदाशिव पेठेत. सोबत पेटी उघडतानाचा फोटो पाठवलात तर ते गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

शिकायचं कुठे, सांभाळायचं काय

फी भरून तीन महिन्यांचा कोर्स करायची घाई नको. गूगलचं स्किलशॉप आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाचं ब्लूप्रिंट इथे त्या-त्या कंपनीचे फुकट धडे आहेत. अर्थात ते त्यांच्या जाहिराती खपाव्यात म्हणूनच बनवलेले असतात, हे ध्यानात ठेवून बघा. धडा एक पाहायचा आणि त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी आपल्या धंद्यावर करून बघायची. प्रमाणपत्र नोकरी शोधणाऱ्याला लागतं, बागेला नाही. सरावाला आगळ, आमसूल, साठं, कुळथाचं पीठ असला टिकाऊ माल चांगला. पावसाळ्यात त्याच्या पंचवीस पाकिटांवर कॅटलॉग, फोटो, मजकूर, जाहिरात सगळं गिरवून घेता येतं. चुकलं तरी माल सडत नाही. खाद्यपदार्थ विकताना अन्नसुरक्षेचा १४ आकडी नोंदणी क्रमांक पाकिटावर हवा, तेवढं आधी बघा.

खाती धंद्याच्या मालकाच्या नावावर असू द्या. भाच्याने हौसेने काढून दिलेलं पेज भाचा बंगळुरूला गेल्यावर कोणाला उघडत नाही, ही घरोघरची कथा आहे. पासवर्ड वहीत लिहा, दुहेरी पडताळणी चालू ठेवा. ‘गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो, वर्षाचे अमुक भरा’ असे फोन येतील. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. आणखी एक जुना डाव: ‘मी सैन्यात आहे, वीस पेट्या हव्यात, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं ना यूपीआय पिन टाकावा लागतो. कोणी फसलंच तर ताबडतोब १९३० वर फोन.

हंगामभर एक नोंदवही चालवा: तारीख, नाव, भाग, कुठून कळलं, काय विचारलं, घेतला की नाही, नसेल तर का. ‘कुठून कळलं?’ हे प्रत्येकाला तोंडाने विचारायचं. मोबाइलमधले आलेख काहीही म्हणोत, निम्मे जण ‘शेजारच्या वहिनींनी सांगितलं’ म्हणत असतील, तर पुढच्या वर्षीचा जाहिरातीचा पैसा त्या वहिनींना एक डझन आंबे भेट देण्यात घालवणं शहाणपणाचं. शेवटची गाडी गेली की वहीतून दोन याद्या काढा. एक, विचारून न घेतलेल्यांची. दुसरी, एकदा घेऊन परत न फिरकलेल्यांची. पहिल्या यादीला पुढच्या फेब्रुवारीत मेसेज पुरतो. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, मेसेज नको. खालच्या थरातली फळं दबली होती, टेम्पोवाला सोसायटीच्या फाटकावर पेटी ठेवून गेला, आंबे सगळे एकदम पिकले, असलं काहीतरी निघेल आणि ते कोणत्याही जाहिरातीने दुरुस्त होणारं नसेल. हे फोन जूनच्या पहिल्या आठवड्यातच उरका, जुलैत कोणाला पेटी कशी होती ते आठवत नाही.